मधले चाळीस सेकंद

मंगळवार, दि. १८ सप्टेंबर २०१२. रुपये एकशे ऐंशी फक्त. ‘कॅमेरा साफसफाई व किरकोळ दुरुस्ती.’

असे एक व्हाउचर आमच्या कंपनीच्या फायलीत आहे. ते मी मंजूर केले. दोनशे रुपयांच्या आतल्या खर्चाला बिल जोडायची गरज नाही, हा नियमही फार वर्षांपूर्वी मीच केला होता. त्या दिवशी कंपनीच्या तिन्ही कॅमेऱ्यांपैकी एकही नादुरुस्त नव्हता.

या रकमेतले एकशे साठ रुपये ज्याच्या हातात पडले, त्या माणसाची ही हकीकत आहे. आमच्या गल्लीत त्याला सगळे टेपवाला म्हणत. एके काळी तो व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायचा, त्यावरून पडलेले नाव. कॅसेटी गेल्या, नाव राहिले. पुढे तो कॅसेटींवरून सीड्या करून देऊ लागला. सीड्याही गेल्या. आमच्या गोदामामागे कंपनीच्या मालकीच्या चार खोल्या आहेत. त्यांच्या जिन्याखालच्या तिरक्या जागेत त्याने एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक स्टूल मावेल एवढे दुकान थाटले होते. तो चांगला सहा फूट उंच. जिन्याखाली सरळ उभे राहणे त्याला शक्यच नव्हते. दहा वर्षांत त्याची मान कायमची पुढे आली. गोदामातले हमाल म्हणत, ‘जिन्याने याला घडी घालून ठेवलाय.’ त्याच्या देखत म्हणत आणि तोही हसे.

ती जागा त्याला फुकट मिळाली होती. जिन्याच्या वरच्या खोलीत आमचा मुख्य पॅकर राहायचा, आणि टेपवाला त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली पॅकरची, धाकटी टेपवाल्याची. टेपवाल्याचा धंदा बुडाला तेव्हा पॅकरने मालकांकडे शब्द टाकून जिन्याखालची जागा मिळवून दिली आणि वरच्या आपल्या खोलीतून विजेची वायर खाली सोडली. दुकानाची वीज त्या वायरीवर चाले. बिल पॅकर भरी.

आता कॅमेऱ्यांविषयी. आमचा नळांचा आणि पाइपांच्या जोडांचा ठोक व्यापार. माल उतरवताना काही फुटले-तुटले तर पुरावा असावा म्हणून मालकांनी तीन कॅमेरे घेतले होते, अगदी स्वस्तातले. तळहाताएवढा कॅमेरा, त्याला पुस्तकाच्या पानासारखा बाजूला उघडणारा पडदा. जवळच्या एका दुकानाने बंद होताना तेच कॅमेरे पडत्या भावात विकले, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या घरांत तोच कॅमेरा आला. लोक त्याने चित्रण फारसे करत नसत. कॅमेऱ्याबरोबर एक वायर मिळे, ती टीव्हीला जोडली की कॅमेऱ्यातले चित्र टीव्हीवर दिसे. कॉम्प्युटर नसलेल्या घरांना एवढे पुरेसे होते. अडचण एकच. कॅमेऱ्याला फक्त स्वतः काढलेले चित्रण चाले. दुसऱ्या कुठल्याही फिल्मचे कार्ड घातले की ‘फाइल चालत नाही’ असे बजावून तो गप्प होई.

‘हा कॅमेरा म्हणजे सासू आहे,’ टेपवाला म्हणे. ‘स्वतःच्या हातचं सोडून कुणाचं म्हणून पसंत नाही. मग आपण काय करायचं? सुनेनं केलेलं सासूच्या भांड्यात घालून वाढायचं.’

हे वाढण्याचे काम तो करायचा. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या परदेशी गेलेल्या मुलाची, कुणाच्या बाळाच्या पहिल्या पावलांची फिल्म तो कॉम्प्युटरवर घेई. तिची लांबी-रुंदी कॅमेऱ्याच्या मापाची करी, सेकंदाला किती चित्रे हे जुळवी, आवाज कॅमेऱ्याला झेपेल असा करी. दहा मिनिटांच्या फिल्मला चाळीस मिनिटे लागत. कॉम्प्युटरची एक बाजू उघडी आणि त्यावर टेबलफॅन रोखलेला, कारण यंत्र तापून बंद पडे. तो स्वतः घामाने निथळत बसे. शेवटी फाइलला नाव द्यायचे. कॅमेऱ्याने काढलेली शेवटची फिल्म एकशे शेहेचाळीस नंबरची असेल तर नव्या फिल्मला एकशे सत्तेचाळीस. एक आकडा चुकला तरी सासू ताट सरकवून देई. त्याचे फार क्वचित चुके.

दुकानात मान वाकवून बसले की समोर एक पुठ्ठा दिसे. त्यावर त्याने स्वतःच्या चांगल्या अक्षरात लिहिले होते:

‘मधले पाहिले जात नाही. मूळ ठेवले जात नाही.’

म्हणजे असे. काम झाले की तो फिल्मचा पहिला सेकंद पाही आणि शेवटचा सेकंद पाही. दोन्ही ठिकाणी चित्र उमटले की काम बरोबर. मधले पाहायचे नाही. आवाज तर तो कायम बंदच ठेवी. ‘लोकांच्या घरातलं असतं, साहेब. बाई रडत असते, कुणी दारू पिऊन पडलेलं असतं. आपल्याला काय करायचंय?’ आणि गिऱ्हाइकाला कार्ड दिले की त्याच्या डोळ्यांदेखत मूळ फाइल पुसून टाकायची. बिलावर गिऱ्हाइकाचे नावसुद्धा लिहायचे नाही, फक्त काम आणि रक्कम. या नियमांमुळे बायकामाणसे त्याच्याकडे बिनधास्त येत. माझ्या मुलीच्या लग्नाची फिल्म मी त्याच्याकडूनच करून घेतली होती. ती आमच्या घरच्या कॅमेऱ्यात अजूनही चालते.

मालक मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी एकदा नातवाच्या वाढदिवसाची फिल्म कंपनीच्या कॅमेऱ्यात घालून पाहिली होती. कॅमेऱ्याने ती नाकारली. तेव्हापासून त्यांचे पक्के मत झाले होते की फोनमधले काहीही खोटे असू शकते, पण हा कॅमेरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच दाखवतो. हे मत ते सगळ्यांना ऐकवत. त्यांचा भाचा गोदामाचा मॅनेजर होता. त्यानेही ते अनेकदा ऐकले होते. त्याला आम्ही भाचेसाहेब म्हणत असू. पुढून आदराने, मागून दुसऱ्या सुराने.

आमच्या कंपनीत मालकांच्या वडिलांपासून एक रीत आहे. ज्याची सलग वीस वर्षे नोकरी होईल, त्याची राहती खोली त्याच्या नावावर होते. पॅकरची वीस वर्षे येत्या दहा जानेवारीला भरणार होती. भाचेसाहेबांना त्या चारही खोल्या पाडून तिथे गोदाम वाढवायचे होते. बाकीच्या तीन त्यांनी रिकाम्या करून घेतल्या होत्या. ही एक राहिली होती.

अठरा सप्टेंबरला दुपारी भाचेसाहेब स्वतः जिन्याखाली गेले. इतके खाली वाकायची त्यांना सवय नव्हती, डोके आपटले. त्यांनी फोनमधली एक क्लिप आणि कंपनीच्या कॅमेऱ्याचे कार्ड दिले. ही क्लिप कॅमेऱ्यात चालली पाहिजे, एवढेच सांगितले. वर म्हणाले, आवाज नको, आवाज काढून टाक.

टेपवाल्याला बरेच वाटले. या कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त आवाजाचेच वावडे. आवाज नसला की काम निम्मे. फिल्म बेचाळीस सेकंदांची होती. त्याने पहिला सेकंद पाहिला: वरून दिसणारी रिकामी गल्ली, कडेला उभा एक टेम्पो. शेवटचा सेकंद पाहिला: टेम्पोची निळी ताडपत्री. त्याने नंबर दिला, एकशे सत्तेचाळीस. कार्ड स्वतःच्या तसल्याच कॅमेऱ्यात घालून दाखवले. मग नियमाप्रमाणे कॉम्प्युटरवरची मूळ फाइल पुसली. भाचेसाहेबांनी ते नीट पाहिले आणि आपल्या फोनमधूनही क्लिप पुसली.

एकशे ऐंशी रुपये, टेपवाला म्हणाला.

‘आवाज तर काढून घेतलास. माल कमी दिलास आणि पैसे पूर्ण?’

‘काढायलाही काम पडतं, साहेब.’

‘बरं, हे एकशे साठ धर. वीस नंतर देतो.’

टेपवाल्याने बिल फाडले. कार्बनखाली नक्कल राहिली: ‘एक क्लिप, कॅमेऱ्यासाठी, आवाज काढून. १८०. मिळाले १६०, बाकी २०.’ भाचेसाहेबांनी बिल घेतलेच नाही. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि एकशे ऐंशीचे व्हाउचर सही करून घेऊन गेले.

पुढच्या सोमवारी मालकांच्या केबिनमध्ये कॅमेरा उघडला गेला. त्या इवल्या पडद्यावर आमचा पॅकर पितळी नळांचे खोके खांद्यावर घेऊन गोदामाच्या मागच्या दाराने बाहेर येतो, इकडेतिकडे बघतो, एकदा मान वर करून बघतो, आणि खोके टेम्पोत ठेवून ताडपत्री ओढतो. खोक्यात चोवीस नळ. त्यांचे ना चलान होते ना गेटपास. भाचेसाहेबांनी मालकांना सांगितले की मागच्या दाराचा संशय होता म्हणून त्यांनी गोदामावरच्या ऑफिसच्या खिडकीत कंपनीचा कॅमेरा चालू करून ठेवला होता. तारखेवरून काही ठरवायचे म्हटले तर त्या कॅमेऱ्याचे घड्याळ बॅटरी काढली की मागे जाई. त्यात वर्षभर एक जानेवारीच असे.

पॅकरला त्याच दिवशी घरी पाठवले आणि गुरुवारी चौकशी ठेवली.

संध्याकाळी वरच्या खोलीत दोन्ही बहिणी, दोघे साडू आणि पॅकरची तीन मुले एवढी माणसे जमली होती. हे मला टेपवाल्याने नंतर सांगितले. पॅकर भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याचे म्हणणे साधे होते. भाचेसाहेब ऑफिसच्या खिडकीत उभे होते, त्यांनीच वरून ओरडून सांगितले की गिऱ्हाइकाला नमुना पाठवायचाय, खोके टेम्पोत ठेव, चलान मी मागून करतो. तो वर बघतो ते म्हणूनच. टेम्पोवाला अनोळखी, तो आता कुठे शोधायचा? आणि फिल्म तर मुकी. नुसते चोराचे चित्र.

‘रिकाम्या गल्लीपासून सुरू होते,’ पॅकर म्हणाला, ‘आणि शेवटी ताडपत्री. चाळीस-बेचाळीस सेकंद.’

टेपवाल्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने खाली ठेवला. गप्प बसला असता तर कुणाला काही कळले नसते. मूळ पुसलेले होते, बिलावर नाव नव्हते. पण तो माणूस नाकासमोर चालणारा. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले की ही फिल्म कॅमेऱ्याने काढलेली नाही, ती मी घातली आहे आणि आवाजही मीच काढला आहे.

मग त्याची बायको म्हणाली, ‘चाळीस सेकंद. तेवढं बघायला काय जात होतं तुमचं?’

तो म्हणाला, मी मधले बघत नाही.

‘हो ना. जगाची अब्रू सांभाळता. घरची तेवढी बघायची राहिली.’

पॅकरने मेहुणीला हाताने थांबवले. साडूकडे बघून तो म्हणाला, ‘तू बघितलं नसशील, मला माहितीये. निदान कुणीतरी बघायला हवं होतं.’ थोरल्या बहिणीने सगळ्यांचे कप उचलले, टेपवाल्याचाही उचलला. तो अर्धा भरलेला होता.

गुरुवारी चौकशीला मालक, भाचेसाहेब, मी आणि पॅकर असे चौघे होतो. मी इतिवृत्त लिहीत होतो. पॅकरने आपले म्हणणे सांगितले. भाचेसाहेब म्हणाले, त्या वेळी मी खिडकीपाशी नव्हतोच, कॅमेरा एकटा होता. मग पॅकरने विनंती केली की बाहेर माझा साडू उभा आहे, त्याचे ऐकून घ्या. मालक तसे न्यायी गृहस्थ. त्यांनी बोलावले.

टेपवाला केबिनमध्ये आला तेव्हा डोक्यावर भरपूर उंच छत असूनही तो वाकूनच उभा राहिला. त्याने धुतलेला शर्ट घातला होता आणि हातात बिलबुक होते. त्याने सगळे क्रमाने सांगितले. मालकांनी विचारले, या फिल्मच्या आवाजात काय होते?

‘ऐकला नाही.’

‘मग चित्रात काय होतं?’

‘पाहिलं नाही. पहिला सेकंद पाहिला, शेवटचा पाहिला.’

भाचेसाहेब हसले. मालकांनाही हसू आले, ते त्यांनी खोकल्यात लपवले. ‘ऐकलं नाही, पाहिलं नाही,’ भाचेसाहेब म्हणाले, ‘मग साक्ष कसली देताय? अंदाजाची?’

टेपवाल्याने बिलबुक पुढे केले. कार्बनची जांभळी नक्कल मालकांनी चष्मा लावून वाचली आणि माझ्याकडे दिली. अठरा सप्टेंबर. १८०. मिळाले १६०. मी ती वाचली. एकशे ऐंशीचे ते व्हाउचर मला आठवले नाही असे म्हणता येणार नाही. ते माझ्या मागच्या कपाटात, वरून दुसऱ्या फायलीत होते. खुर्चीतून न उठताही हात पोचला असता.

‘यावर माझं नाव कुठंय?’ भाचेसाहेबांनी विचारले.

‘मी नाव लिहीत नाही, साहेब.’

‘का?’

‘गिऱ्हाइकाची अब्रू असते.’

या वेळी मालकही मोकळेपणाने हसले. मग त्यांनी मला विचारले, ‘काय हो, आपण या टेपवाल्याला कधी काही पैसे दिलेत का?’

मी म्हणालो, ‘त्याच्या नावाने खर्च नाही.’

हे उत्तर बरोबर होते. व्हाउचरवर त्याचे नाव नव्हते. मालकांनी विचारले तेवढ्याचे मी उत्तर दिले. माझी निवृत्ती येत्या मार्चअखेर आहे आणि माझ्या फंड-ग्रॅच्युइटीच्या कागदांवर शेवटची सही भाचेसाहेबांची व्हायची आहे. टेपवाल्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या मुलीच्या लग्नाची फिल्म तरी मी बोलून दाखवीन असे त्याला वाटले असावे. तो स्वतः बोलला नाही. गिऱ्हाइकाचे नाव घ्यायचे नाही हा त्याचा नियम.

त्याऐवजी तो म्हणाला, मी करून दाखवतो. बाहेरची कुठलीही फिल्म द्या, याच कॅमेऱ्यात चालवून दाखवतो.

मालकांना हे आवडले. व्यापारी माणसाला प्रात्यक्षिक आवडते. त्यांनी ड्रॉवरमधून नातवाच्या वाढदिवसाच्या फिल्मचे कार्ड काढले. हीच फिल्म कॅमेऱ्याने नाकारली होती. आधी त्यांनी ते कार्ड आमच्या सगळ्यांसमोर कॅमेऱ्यात घातले. कॅमेऱ्याने पुन्हा नाही म्हटले. ‘हं, चालवा,’ मालक म्हणाले.

टेपवाला धावत गेला. आम्ही पाऊण तास बसून होतो. भाचेसाहेबांनी चहा मागवला. पॅकरला कप दिला गेला नाही, तो उभाच होता. वरच्या खिडकीतून गल्ली दिसते. जिन्याखालून टेबलफॅनचा आवाज येत होता.

तो परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने कार्ड घातले, पडदा उघडला. फिल्म चालली. मालकांचा नातू फुगे फोडत होता, हसत होता, आजोबांना बोबडी हाक मारत होता. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. टेपवाल्याने या वेळी आवाजावर फार मेहनत घेतली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मधलेही सगळे पाहून घेतले होते, कुठे अडकू नये म्हणून.

मालकांनी फिल्म दोनदा पाहिली. दुसऱ्या वेळी त्यांचे डोळे भरून आले. मुलगा सुनेला घेऊन परदेशात गेल्यापासून नातू त्यांना प्रत्यक्ष भेटलेला नव्हता. त्यांनी टेपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘कला आहे तुमच्या हातात,’ ते म्हणाले.

पॅकरने त्या चौकशीत पहिल्यांदाच मान वर केली.

मग मालकांनी कॅमेरा मिटला. ‘पण एक सांगा,’ ते सावकाश म्हणाले. ‘यात खोटं घालता येतं, हे तुम्ही दाखवलंत. ते मी मान्य करतो. पण चोरीची फिल्म खोटी आहे, हे कुठे दाखवलंत? माणूस आमचा, खोकं आमचं, दार आमचं. कोणत्या कॅमेऱ्यानं काढलं, त्यानं खोकं परत येतंय का?’

टेपवाला म्हणाला, आवाज होता.

‘तो तुम्हीच काढलात. आणि तुम्ही त्याचे साडू. जागा त्याची वापरता, वीज त्याची वापरता. तुम्ही त्याच्याविरुद्ध थोडेच बोलणार? तुमच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो.’ हे ते मनापासून म्हणाले. ‘नातवाच्या आणखी सहा फिल्मा आहेत. तेवढ्या करून द्याल?’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

त्याने सहा फिल्मा केल्या. सकाळपर्यंत द्यायच्या म्हणून रात्रभर बसला. मालक खूश झाले तर काही फरक पडेल, असे त्याला वाटत होते. शुक्रवारी दहा वाजता तो कार्ड घेऊन वर आला तेव्हा पॅकरला काढून टाकल्याचे पत्र माझ्या टेबलावर टाइप होऊन पडले होते; मजकूर मीच दिला होता. टेपवाल्याने ते उलटे असतानाच वाचले. उलटसुलट अक्षरे वाचायची त्याला सवय होती. मालकांनी सहा फिल्मांचे पैसे रोख आणि पूर्ण दिले, वर पन्नास रुपये खुशीचे दिले. ते त्याने घेतले. नाकारायला हवे होते, असे हमालांचे मत पडले. हमालांचे मत फुकटचे असते.

त्या संध्याकाळी तो एका गिऱ्हाइकाची फिल्म करत बसला असताना कॉम्प्युटर एकदम बंद पडला, पंखाही थांबला. त्याला वाटले, वीज गेली. बाहेर येऊन पाहिले तर गल्लीतले सगळे दिवे चालू होते. वरच्या खोलीच्या दारात थोरली मेहुणी उभी होती. तिने वायर खिडकीतून खाली टाकली होती आणि ती जिन्यावर लोंबत होती. त्याने वायर गोळा केली, नीट वेटोळे करून वर नेऊन तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

पुढे महिनाभर तो शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून वीज घेऊन काम करत होता. पण त्याच्यात एक फरक पडला. भिंतीवरचा पुठ्ठा त्याने काढला आणि तो प्रत्येक फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज मोठा करून पाहू लागला. कान पडद्याला लावल्यासारखा बसे. कुणाची भावजय मागे काय पुटपुटते, कोण कुणाकडे बघून तोंड फिरवते, सगळे. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेले असे आणि हा त्यांच्या घरातली भांडणे टेबलफॅनच्या वर आवाज करून ऐके. एका बाईने कार्ड मधूनच काढून घेतले. म्हणाली, ‘तुमच्याकडे आम्ही यासाठीच येत होतो ना, की तुम्ही बघत नाही म्हणून?’ तो म्हणाला, ‘बघितलेलं बरं असतं, ताई.’ तिने हे चार घरी सांगितले. चौकशीची गोष्ट गल्लीत आधीच पोचली होती. त्यात ही भर. जो माणूस कॅमेऱ्यात वाटेल ते घालू शकतो आणि वर घरातले सगळे ऐकतो, त्याच्याकडे कोण जाणार? आवाज होता, नव्हता, कुणी काढला, का काढला, याच्याशी कुणाला देणेघेणे नव्हते. माझ्या पत्नीनेही एकदा विचारले की आपल्या मुलीची फिल्म त्याने ठेवून तर घेतली नसेल ना? मी म्हणालो, नाही. त्याबद्दल मला खात्री होती.

एकतीस ऑक्टोबरला खोली रिकामी करायची होती. पॅकरचे बिऱ्हाड फार नव्हते: दोन पलंग, एक कपाट, भांडी, मुलांची दप्तरे. कपाट जिन्यात अडकले. ते काढायला हमाल होते, तरी टेपवाला खालून खांदा द्यायला गेला. पॅकर वरून म्हणाला, ‘तू राहू दे.’ रागाने नाही, अनोळखी माणसाला म्हणावे तसे. टेपवाला बाजूला झाला. त्याच दुपारी त्याचेही टेबल आणि कॉम्प्युटर बाहेर निघाले, कारण जिना पाडायचा होता. जिन्याखालची जागा खोलीबरोबरच जाणार, हे खोली सोडण्यासाठी भाचेसाहेबांनी धाडलेल्या पत्रात होतेच. त्याच्या लक्षात आले नसावे, किंवा आले असावे. त्याची बायको सामानाजवळ उभी होती. बहिणीने तिच्याकडे पाहिले नाही. टेम्पोत बसताना मधल्या मुलाने मावशीला हात केला, तर आईने तो हात खाली ओढला.

भाचेसाहेबांनी हे सगळे वरच्या खिडकीतून कंपनीच्या कॅमेऱ्यात काढून घेतले. पुढे कुणी म्हणू नये की आमची अमुक वस्तू राहिली. ती फिल्म मी पाहिली आहे, कारण सामानाच्या यादीशी ताडून बघायचे काम माझ्याकडे होते. पावणेनऊ मिनिटांची आहे. तिच्यात आवाज आहे. हमालांच्या शिव्या, कपाटाचा दरवाजा आपटल्याचा आवाज, आणि साधारण चौथ्या मिनिटाला वरून भाचेसाहेबांचा आवाज: ‘टेम्पोत ठेव. पुढे ठेव, पुढे. ताडपत्री ओढ.’ अगदी स्पष्ट ऐकू येतो. त्या वेळी खाली टेपवाला आपला कॉम्प्युटर पोटाशी धरून उभा दिसतो. हा आवाज ऐकून तो मान वर करतो. त्या जागी सहा आठवड्यांपूर्वी पॅकरने केली होती तशीच.

पॅकर आता एका बाजारात रोजंदारीवर खोकी बांधतो असे कळते. दहा जानेवारीला मी त्याची वीस वर्षांची नोंद रद्द केली. तिथे नवे गोदाम उभे राहते आहे. टेपवाल्याने कॉम्प्युटर विकला. तो एका इमारतीत रात्रपाळीचा पहारेकरी आहे. तिथे दारावर कॅमेरा आहे आणि त्याचे चित्र पाहत बसणे हेच त्याचे काम. त्या चित्राला आवाज नसतो. पगार वेळेवर मिळतो, असे तो म्हणाला. मी त्याला रस्त्यात भेटलो तेव्हा त्याने माझ्या मुलीची चौकशी केली. फिल्म अजून चालते का, असेही विचारले. चालते, म्हणालो.

व्हाउचर फायलीत आहे. मार्चअखेर मी फायलींचा ताबा दुसऱ्याला देईन. व्हाउचरप्रमाणे कंपनीने एकशे ऐंशी रुपये पूर्ण दिलेले आहेत. टेपवाल्याला एकशे साठ मिळाले. अठरा सप्टेंबरच्या कामाचे वीस रुपये त्याला अजून मिळायचे आहेत.